सतरा आटे

चाक काढलं की आधी ते गाडीखाली आडवं सरकवायचं, मग बाकीची कामं. हा वस्तादचा नियम. बस डेपोत एकतीस वर्षं फिटर म्हणून घासलेली बाई ती. पहिल्या वर्षी तिथले बाप्ये चेष्टेने 'वस्ताद' म्हणायचे. पाचव्या वर्षी तेच बाप्ये काम अडलं की गुमान तिला हाक मारायला यायचे. नियम काही तिने पुस्तकातून उचलला नव्हता. तिच्या शेजारी काम करणारा लंबू एकदा घाईत चाक न सरकवता गाडीखाली शिरला आणि जॅक निसटला. त्याच्या छातीचा जो आवाज झाला तो तिने चार हातांवरून ऐकला. पाय धरून बाहेर ओढलं तेही तिनेच. बाहेर आला तो लंबू ओळखू येत नव्हता.

घरी वेगळीच तऱ्हा. नवरा अकरा वर्षं तिला बडवत होता. भाजीत मीठ कमी, बडव. डेपोतून यायला उशीर, बडव. कारण नसलं तर मग बडवच. अख्खा गिअरबॉक्स छातीशी धरून उतरवणारी बाई घरात मार कशी खाते, असं मला विचारू नका. तिला विचारलं की ती म्हणायची, "डोकं ठिकाणावर नव्हतं माझं, दुसरं काय!" बाराव्या वर्षी त्याने सहा वर्षांच्या लेकीवर, बारकीवर, हात उगारला. तो हात खाली यायच्या आत वस्तादने चोवीस नंबरचा पाना त्याच्या मनगटावर घातला. मनगटाचे तीन तुकडे. गडी हात पोटाशी धरून जो गेला तो गेलाच. मारापासून टेबलाखाली दडलेल्या बारकीने हे सगळं पाहिलं, आणि पोरीने धसका घेतला तो बापाचा नव्हे, आईचा.

म्हणून मोठी झाल्यावर तिचं एकच पालुपद, "मला तुझ्यासारखं व्हायचं नाही, आई." डोळा काळानिळा घेऊन माहेरी आली तरी हेच. दोन दिवस राहायची, मग जावई यायचा, पायरीवर बसून हुंदके द्यायचा, आणि ही बॅग उचलून त्याच्या मागे. चार वेळा झालं असं. पाचव्या खेपेला त्याने तिची बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं. या वेळी बारकीने तोंडातून शब्द काढला नाही. दूरच्या शहरात गुपचूप नोकरी शोधली. उद्या सकाळी हजर व्हायचं होतं, आठ तासांचा रस्ता, आणि तिथला पत्ता त्याला ठाऊक नव्हता. ती आपली जुनी गाडी घेऊन पहाटेच आईच्या दारात आली. वळताना स्टिअरिंगमधून करकर येत होती.

"आज तू निघाली नाहीस तर तो येणार," वस्ताद म्हणाली. "आणि तू पुन्हा त्याच्या मागे जाणार."

बारकीने बॅग गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली.

स्टिअरिंगच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना घड्याघड्यांचे रबरी बूट असतात. आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये, बाहेरची माती आत येऊ नये, एवढंच त्यांचं काम. डावीकडचा बूट म्हातारा होऊन घडीघडीत फाटला होता. तो वस्तादने नाश्त्याआधीच बदलला. मग उजवं चाक काढलं, गाडीखाली आडवं सरकवलं, वाकून बूट हातात घेतला आणि थबकली.

"बारके, इकडे ये. हा झिजलेला नाही, कापलाय. बघ, एका फटक्यात."

बारकी खाली बसली. रबरावरची चीर सरळ होती, ब्लेडची.

"ब्रेकची नळी यापासून वीतभर लांब आहे," वस्ताद म्हणाली. "तू निघणार याचा वास लागला असणार तुझ्या नवऱ्याला. पण त्या बाबाला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. ब्रेकची नळी समजून दिसलं ते जाडजूड रबर कापून मोकळा झाला. अडाणी आहे म्हणून वाचलीस, पोरी."

बारकीचा चेहरा पांढराफटक पडला. तरी ती रडली नाही. "मी काय करू ते सांग," म्हणाली.

"मोज."

बूट काढायचा तर दांड्याच्या टोकाचा सांधा आधी काढावा लागतो, आणि तो स्क्रूसारखा आट्यांवर बसलेला असतो. काढताना किती फेऱ्या झाल्या त्या मोजायच्या, बसवताना बरोबर तेवढ्याच द्यायच्या. एखादी कमी-जास्त झाली की गाडी एका अंगाला ओढते. वस्तादने हातोडीचे दोन सणसणीत ठोके देऊन सांधा मोकळा केला आणि फिरवायला लागली. बारकी तोंडाने मोजत होती. "पंधरा... सोळा... सतरा." सांधा हातात आला.

"सतरा. विसरशील हं. तुझं डोकं म्हणजे चाळण."

जुना बूट ओढून काढला, दांडा पुसला, नवा चढवला. बुटाची आतली पट्टी आवळायला वस्ताद पाठीवर झोपून गाडीखाली शिरली, आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

खालून तिला फक्त बूट दिसले. जावयाचे, पॉलिश केलेले.

"बॅग कसली ही?" तो म्हणाला. "चल घरी."

"मी येणार नाही." बारकीचा आवाज बारीक होता, पण आला.

मग धप्पकन आवाज झाला. त्याने तिचे केस धरून डोकं बॉनेटवर आपटलं होतं. एकदा. दोनदा. रक्ताचा थेंब वस्तादच्या डोळ्यांपुढे फरशीवर पडला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जावईबापू, हात काढा तिच्यावरचा!"

"तू गप गं म्हातारे! तूच फितवलीस हिला!"

त्याने वाकून खाली पाहिलं. वस्तादचं अर्धं अंग गाडीखाली, शेजारी जॅक. कळलं त्याला. गाडीतलं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कळलं मेल्याला! खांद्याने गाडीला रेटा दिला आणि जॅकला लाथ घातली, मग दुसरी. जॅक आडवा झाला आणि गाडी खाली आली.

आली ती आडव्या चाकावर. वस्तादच्या नाकापुढे चार बोटांची जागा उरली. पण ब्रेकच्या चकतीची कड डाव्या हातावर बसली आणि हाड वाळक्या काटकीसारखं मोडलं. ती ओरडली नाही. उजव्या हाताशी मघाची हातोडी पडली होती, आणि पॉलिश केलेला बूट समोरच. तिने घोट्यावर घातली. पुन्हा घातली. जावई किंचाळत कोसळला. हात सोडवून ती सरपटत बाहेर आली तोच त्याने तिचे केस पकडले, तोंडावर बुक्की हाणली. दात पडला. तिने गुडघ्यावर हातोडी घातली, तशी त्याची पकड सुटली. मग ती त्याच्या छातीवर बसली आणि हातोडी त्याच्या कपाळावर उगारली. नवऱ्याची अकरा वर्षं, लेकीची बोटं, ती ब्लेडची चीर, सगळं त्या हातात उतरलं होतं. ती मारणार होती. मी खोटं कशाला सांगू, ठार मारणार होती.

"आई! सतरा!"

हात वरच राहिला.

बारकी बॉनेटला धरून उभी होती, कपाळातून रक्त गळत होतं. "सतरा आटे, आई. लक्षात आहे माझ्या. तू त्याला मारलंस तर मी इथेच राहीन, कोर्टात, तुरुंगाच्या दारात, जन्मभर. मला जायचंय. गाडी जोड."

वस्तादने हातोडी खाली ठेवली. उठून पाहिलं तर डावा हात नुसता लोंबत होता.

"माझ्याने नाही व्हायचं," ती म्हणाली. "तूच जोड."

जावई भिंतीशी पडून घोटा धरून विव्हळत होता, मधेच शिव्या देत होता, मधेच बारकीला लाडाने हाक मारत होता. ती वळली नाही. जॅक पुन्हा लावला, गाडी उचलली. पट्टी आवळली, सांधा आट्यांवर धरला आणि मोठ्याने मोजत फिरवला. दारात चेमटलेली, काळ्या नखांची बोटं फिरत राहिली. सतरावर थांबली. नट आवळले, चाक बसवलं. वस्ताद टॉवेलात हात गुंडाळून पायरीवर बसली होती आणि रक्त थुंकत सूचना देत होती, "अजून आवळ. अजून. जीव नाही का हातात?"

समोरच्या शिंप्याने पोलिसांना फोन केला होता. ते यायच्या आत दोघी निघाल्या.

सरळ रस्ता लागल्यावर वस्ताद म्हणाली, "स्टिअरिंग सोड जरा."

बारकीने हात उचलले. गाडी नाकासमोर सरळ चालली.

दवाखान्याच्या दारापाशी बारकीचा हात चावीकडे गेला. वस्तादने तो धरला.

"बंद करू नकोस. हात मोडलाय माझा, जीभ शाबूत आहे. पोलिसांना मी सांगते काय ते. तू नीघ."

"आई, मी तुला अशी टाकून..."

"चार वेळा त्याच्या मागे गेलीस, तेव्हा मागे वळून बघितलंस का माझ्याकडे?" वस्तादने दार उघडलं. "मग आजच कशाला बघतेस? जा."

ती दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिली. गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा तिने कान देऊन ऐकलं. करकर येत नव्हती. मग ती फरशीवर बसली आणि हंबरडा फोडून रडली.