भोपाळमध्ये पाणी किती अंशांना उकळतं?

विज्ञान कसं शिकवावं यावर मी संशोधन करते, म्हणजे बहुतेक वेळ टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या वर्गांबद्दल लिहिते. त्यात मीनलचा फोन आला. ही माझी नागपूरची मैत्रीण, आता भोपाळला अवधपुरीतल्या शाळेत शिकवते. म्हणाली, आठवीची मुलं थर्मामीटर न बघताच ‘पाणी शंभर अंशांना उकळलं’ असं लिहून मोकळी होतात. मुलांनी दिसेल तेच लिहावं, एवढं तरी एका वर्गात करून दाखवायचंच, असं ठरवून मी पुण्याहून निघाले.

भोपाळला उतरल्यावर आधी पोहे-जिलबी खा. पोहे गोडसर असतात, वर शेव पडते. नाक मुरडू नका. रिक्षा ॲपवरून बोलवा, नाहीतर घासाघिशीत सकाळ जाते. गोविंदपुऱ्याचे कारखाने मागे पडले की अवधपुरीच्या कॉलन्या सुरू होतात.

वर्गात पाणी खळखळलं आणि पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबला. भोपाळ समुद्रसपाटीपासून बरंच उंच, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभरच्या आधीच उकळतं. पण मी हे सांगेपर्यंत अर्ध्या वर्गानं शंभर लिहूनही टाकलं होतं. एका गटानं तर थर्मामीटर बिघडलाय म्हणून परत आणून दिला. मला रागच आला. सगळ्यांना पुन्हा पाणी उकळायला लावलं.

तेव्हा सान्वी नावाच्या मुलीनं मीनललाच विचारलं, “मॅडम, पण टेस्टमध्ये हे लिहिलं तर नंबर कटतील ना?”

पुढच्याच आठवड्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि मुख्याध्यापकांना उत्तरं पुस्तकातलीच लागत. मीनल सान्वीच्या टेबलापाशी गेली.

“जे दिसतंय तेच लिही. नंबर तर मीच देणार आहे. सरांशी मी बोलेन.”

तिला मिठी मारावीशी वाटली. संध्याकाळी तलावाकाठी चहा पिताना मात्र सरांना काय सांगायचं याची आम्ही तालीमच केली.

घरी आल्यावर आठवड्यानं तिचा फोन आला. सर कुरकुरत का होईना, तयार झाले होते. परीक्षेत सगळ्या वर्गानं अठ्ठ्याण्णव लिहिलं होतं. ज्यांची शेगडी पेटलीच नव्हती, त्यांनीसुद्धा.

मी कपाळावर हात मारला. आम्ही मुलांना बघायला शिकवलं नव्हतं, नवीन उत्तर पाठ करून दिलं होतं. पण हार मानायला मी एवढ्या लांब गेले नव्हते.

“मीनल,” मी म्हटलं, “उद्या पाण्यात मूठभर मीठ टाक, म्हणजे पारा अठ्ठ्याण्णवच्या वर सरकेल. आणि कुणाला सांगू नकोस.”