मुलगी, नारळ आणि डावं स्टिअरिंग

तारीख १४ मे १९८९, रविवार. ठिकाण ब्रिस्टल, आमच्या घरातली पुढची खोली. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी, तिचा ठरलेला नवरा आणि त्याचे आईवडील. लग्नाची यादी करायला, म्हणजे देण्याघेण्याचं बोलायला बसलो होतो. त्यांनी मागितलेली रक्कम: शून्य.

“मुलगी आणि नारळ,” व्याही म्हणाले. “बाकी काही नको. आपल्यात हिशेब कसला?”

मला हिशेबाशिवाय सुचत नाही. त्यांनी चार हजार पौंड मागितले असते तर मी चिडलो असतो, घासाघीस केली असती, तीन दिले असते आणि विषय संपला असता. शून्याला मात्र वरची मर्यादा नसते. हे मला तेव्हा कळलं नाही.

व्याही वीसेक वर्षांपासून फ्रँकफर्टजवळ राहत होते. मुलगा तिथेच वाढलेला. लग्नानंतर मुलगी आणि जावई त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणार होते. म्हणजे रोज सासू-सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर.

चहा झाल्यावर ते पाय मोकळे करायला मागे गेले आणि गॅरेजमध्ये शिरले. तिथे माझी गाडी होती. १९६१ सालची, गडद हिरवी, दोन दारांची. १९७४ मध्ये कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या विधवेकडून मी ती १२० पौंडांना घेतली, तेव्हा तिला चाकंसुद्धा नव्हती. मी विमानाचे भाग तपासायचं काम करायचो; आठवडाभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि शनिवारी घरी येऊन ही एक वस्तू बिनचूक करायची, असा माझा पंधरा वर्षांचा क्रम होता. मुलगी आठ वर्षांची असल्यापासून टॉर्च धरायला यायची. सतरा वर्षांची झाल्यावर ती गाडी चालवायला शिकली तीही ह्याच गाडीवर, आणि पहिल्याच दिवशी तिने आमच्या फाटकाचा खांब पाडला.

व्याह्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

“वा! ही खरी वस्तू. आमच्याकडे लोक वळून बघतील.” मग वाकून आत पाहिलं. “पण स्टिअरिंग उजवीकडे.”

“उजवं स्टिअरिंग जर्मनीत चालतं,” मी म्हणालो. “कायद्याने बंदी नाही.”

“अहो, कायद्याने चालतं. पण ओव्हरटेक करताना काय शेजारी बसलेल्या बायकोला विचारायचं, बाई गं, समोरून कोणी येतंय का?”

सगळे हसले. मीही हसलो.

पाहुणे गेल्यावर बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, “त्यांनी गाडीवर हात ठेवला.”

“मग?”

“मग काय? तुम्हाला कळत नाही का? मागितलं काही नाही, हात तेवढा ठेवला. आता नाही दिली तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल.”

मुलगी जिन्यावर बसली होती. ती इथेच जन्मलेली. तिचं मराठी आमच्यासारखं नाही. “बाबा, तो गाडी देऊ नका. मला खरंच नको आहे. आणि लेफ्ट हँड तर अजिबात करू नका. इट्स मॅड.”

“मोठ्यांच्या बोलण्यात पडू नकोस,” बायको म्हणाली.

“लग्न माझा आहे ना?”

तिचा मुद्दा बरोबर होता. पण बायकोने जन्मभराचा शब्द काढला होता, आणि मुलगी सासरी जाताना कोणाच्या तोंडात टोमणा राहू नये एवढंच मला हवं होतं. ते विकत मिळत असेल तर गाडी हा भाव मला महाग वाटला नाही. बुधवारी मी फ्रँकफर्टला फोन केला आणि सांगितलं की गाडी देतो, डाव्या स्टिअरिंगची करून देतो. “अहो, कशाला, कशाला,” व्याही म्हणाले. तीनदा म्हणाले. नको असं एकदाही म्हणाले नाहीत.

त्या वर्षी जुन्या गाड्यांचे भाव चढलेले होते. युरोपात विकायला लोक गाड्यांची स्टिअरिंगं सर्रास डावीकडे करून घेत होते. ब्रिस्टलमधल्याच बेडमिन्स्टर भागातल्या एका गॅरेजवाल्याने ४,१५० पौंड सांगितले, त्यातले अर्धे आगाऊ. तो गमत्या होता. “दोन्हीकडे लावून देतो,” म्हणाला, “म्हणजे नवराबायकोत भांडण नको.”

स्टिअरिंग डावीकडे न्यायचं म्हणजे चाक उचलून पलीकडे बसवायचं, असं लोकांना वाटतं. इंजिन आणि आपले पाय यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत असते. पेडलं आणि स्टिअरिंगचा दांडा तिच्यातून जातात. ती उजवीकडची भोकं बंद करायची, डावीकडे नवी कापायची. डावीकडे एक्झॉस्टचे पाइप आडवे येतात, म्हणून तेही बदलायचे. वायपर उलट्या बाजूने पुसायला हवेत, दिव्यांचा झोत दुसरीकडे पडायला हवा. आणि डॅशबोर्ड. माझा अक्रोडाच्या लाकडाचा होता, मूळचा; त्याला मी सात थर पॉलिश दिलं होतं. तो उलटा करता येत नाही. गॅरेजवाल्याने नवा करून बसवला आणि जुना मला वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला. पत्रा कापला त्या दिवशी मी रजा घेऊन तिथे गेलो होतो. आपल्याच हाताने गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर दुसरा माणूस कटर चालवतो तेव्हा तिथे उभं राहवत नाही. मी बाहेर जाऊन बसलो.

लग्न ऑगस्टमध्ये, ब्रिस्टलमध्येच, एका भाड्याच्या हॉलमध्ये झालं. आत टेबलांवर बायकोने आणि तिच्या मैत्रिणींनी रुखवत मांडलं होतं: लाडू, चिरोटे, साखरेचं तुळशीवृंदावन. बाहेर कार पार्कमध्ये गाडी उभी होती, तिला झेंडूचं तोरण, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. तीही रुखवतातच धरलेली. लोक फोटो काढत होते. विहीणबाई मैत्रिणीला घेऊन बाहेर आल्या. मी टायरजवळ उभा होतो.

“जावयाला गाडी दिली म्हणे,” मैत्रीण म्हणाली.

“दिली ना. अठ्ठावीस वर्षांची आहे,” विहीणबाई म्हणाल्या. “नवी परवडत नसेल. आपण कशाला बोला?”

त्यांनी मला पाहिलं होतं की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पाहिलं होतं.

मुलगी आणि जावई फेरीबोटीने गाडी तिकडे घेऊन गेले. ऑक्टोबरमध्ये तिथल्या तपासणीत ती नापास झाली. गाडी चांगली होती, पण स्टिअरिंग बदलण्याचं काम सुरक्षित असल्याचा दाखला कोणा अधिकृत इंजिनियरकडून हवा होता. मी गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “बिल आहे ना तुमच्याकडे? तोच दाखला.” मी स्वतः जन्मभर तपासणीचं काम केलेला माणूस, आणि दाखला मागायचं मला सुचलं नव्हतं. लग्नाची तारीख गाठायची होती.

गाडी व्याह्यांच्या दुसऱ्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली गेली. जावई वाईट नव्हता. त्याला जुन्या गाड्यांत रस नव्हता एवढंच. त्याच्याकडे कंपनीची गाडी होती. मुलगी रविवारी फोन करायची. आधी गाडीची चौकशी मी करायचो, मग तीच सांगायला लागली.

“बाबा, आई म्हणतात, तुझ्या बाबांचा भंगार आमच्या घरात आहे.”

“तू काय म्हणालीस?”

“काही नाही. दर आठवड्याला म्हणतात. आय जस्ट चॉप द ओनियन्स.”

जी गोष्ट मी ४,१५० पौंड देऊन थांबवायला निघालो होतो तिला मीच चाकं लावून दिली होती. टोमण्याला आता जागा होती, ताडपत्री होती, नंबर प्लेटसुद्धा होती.

१९९१ च्या ईस्टरच्या सुट्टीत मी गाडी परत आणायला गेलो. विमा उतरवला होता, इंग्लंडमधल्या गाडी-तपासणीची वेळ ठरवून ठेवली होती. मुलगी आठ-दहा दिवस माहेरी येणार होती, ती माझ्याबरोबरच गाडीने निघाली. शनिवारी सकाळी मी नवी बॅटरी बसवली. तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. मुलगी उजवीकडे बसली, म्हणजे जिथे बसून ती गाडी शिकली होती तिथे. गाडी मी जरा जोरात मागे घेतली तेव्हा तिचा पाय ब्रेक शोधायला खाली दाबला गेला. तिथे नुसता गालिचा होता. ती हसली नाही.

व्याही खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारली.

“नेताय? बरं झालं. पोराला वेळ नाही हो.” मग जरा खाकरून: “एक सांगू? ही जागा आम्ही भाड्याने द्यायचो. महिन्याला साठ मार्क. ऑक्टोबरपासून अडकून आहे. नाही म्हणजे, आपल्यात हिशेब कसला...”

ते थांबले. ह्या वेळी मला कळलं. मुलगी काचेतून बघत होती.

“हिशेब मी करतो,” मी म्हणालो. “ऑक्टोबर एकोणनव्वद ते मार्च एक्याण्णव, अठरा महिने.”

“अहो, कशाला, कशाला,” ते म्हणाले, आणि हात पुढे केला.

एक हजार ऐंशी मार्क, गॅरेजचं भाडं म्हणून, रोख, व्याह्यांना दिले. त्यांनी मोजून घेतले.