लेक एक, माया दोन

मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी मी धुळ्याला गेले, तेव्हा माझी लेक आठ महिन्यांची होती. ही साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावात, थोरल्या जावेच्या कडेवर तिला देऊन मी निघाले होते. घरात शिकलेली सून मी एकटीच, त्यामुळे तोराही भलताच.

दोन महिन्यांनी दिवाळीच्या सुटीत एस.टी.तून उतरले ती पळतच घरी. जाऊबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या, लेक त्यांच्या मांडीवर. मी हात पसरले. पोरीने साहेब शाळा तपासायला आल्यासारखं मला आपादमस्तक न्याहाळलं, "माय!" म्हणाली आणि तोंड खुपसलं ते जावेच्या पदरात!

माझं डोकंच फिरलं. "माझी लेक फितवलीत तुम्ही," मी तोंडावर बोलले. जाऊबाई हसल्या. "मास्तरीन, पहिले पानी तर पे."

सुटी दहा दिवसांची. तेवढ्यात ती माझ्याकडे आली नाही, तर उन्हाळ्यापर्यंत मला पार विसरेल, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला. धुळ्याहून आणलेला खुळखुळा वाजवला, बडबडगीतं म्हटली, नाचलेसुद्धा. छे! जवळ गेले की पोरीचं भोकाड तयार.

तिसऱ्या दिवशी तिला झोळीत घालायला गेले, तर झोळी माझ्याच हिरव्या लुगड्याची. जाताना उतरवून ठेवलेलं, तसंच मळकट! भांडायला निमित्तच हवं होतं. "दोन महिन्यांत माझं एक लुगडं धुऊन होईना तुमच्याकडून?"

जाऊबाईंनी झोळीची गाठ सारखी केली. मग हळूच म्हणाल्या, "मुद्दाम नही धोयं. तुन्हा वास उडी जाता ना. त्यान्याबिगर झोपस कुठे ती?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिथेच मटकन बसले आणि हमसून हमसून रडले. जाऊबाईंनी माझे डोळे पुसले नाहीत, शेंगांचं सूप पुढे सरकवलं. "तिले वढू नको. मन्हाजोडे बस."

बसले. खांद्याला खांदा लावून रोज शेंगा फोडल्या. पाचव्या दिवशी एक चिमुकला पाय माझ्या मांडीवर आला. सातव्या दिवशी अख्खी पोरगी आली, माझी वेणी ओढली आणि पुन्हा तिकडे गेली. मग दिवसभर इकडून तिकडे नि तिकडून इकडे. मलाही माय, त्यांनाही माय. मी आपली उगाच दोघींतली एक ठरवत बसले होते, तिला दोन्ही मांड्या हव्या होत्या.

दहाव्या दिवशी दोघी एस.टी.वर पोचवायला आल्या. मी गाडीत चढून खिडकीशी बसले. लेकीने माझ्याकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि असा टाहो फोडला की कंडक्टर घंटी मारायचा थांबला. एका हाताने जावेचा खांदा घट्ट धरलेला, दुसरा हात खिडकीकडे. "माय! माय!"

माझे डोळे भरून आले आणि मी खो खो हसत सुटले.

"पोर रडी ऱ्हायनी नि तू हासी ऱ्हायनी?" जाऊबाई खालून ओरडल्या. "येडी शे का?"

गाडी हलली. मी खिडकीबाहेर डोकं काढलं आणि शिकलेपण विसरून ओरडले, "मन्हासाठे रडी ऱ्हायनी ती, बाई! रडू द्या जराशी!"