निळं बटन आणि बाबाचा आवाज

बाबा गेल्यावर माय रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी फोन घेऊन ओट्यावर बसायची. निळं बटन दाबायची की बाबाचा आवाज यायचा, "आयकून राह्यली का वो? झिंगे भेटले आज. मसाला वाटून ठेवजो, मी आलोच." एवढंच. त्यात प्रेमाचा एक शब्द नाही, उलट घाईच आहे. पण तेवढं ऐकून माय उठायची, पदर खोचायची आणि कामाला लागायची. मी चंद्रपूरहून माहेरी गेले की अंथरुणात पडून ते ऐकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. तिचं तोंड मला बघवत नव्हतं.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला लागून. घर मासेमारीचं. तलाव झाडीच्या आत, खोलगट जागी, आणि तिथं फोनला रेंज मिळणं म्हणजे देवाची कृपा. बाबा दिवसभर तिथंच. पलीकडच्या गावातल्या एका इंजिनिअरनं, चंद्रपूरला शिकून घरी बसलेल्या, ह्या अशाच लोकांसाठी एक ॲप बनवलं होतं. त्यात वाचायचं काहीच नाही. नावाच्या जागी चित्रं. मायचं चित्र चूल, बाबाचं मरळ मासा. बोलायचं तर लाल गोल दाबायचा, ऐकायचं तर निळा. आणि रेंज नसली तरी चालायचं. तलावाकडून गावाकडे येणाऱ्या कोणाच्याही फोनात ते ॲप असलं की बाबाचा निरोप त्यात आपोआप बसायचा आणि गावात आल्यावर मायच्या फोनात उतरायचा. तिकडून येणाऱ्या गुराख्याला पत्ताही नसायचा की आपल्या खिशातून हा बाबा घरी येऊन राह्यला.

प्रत्येक फोनात ॲपचं एक दुकान असतं, फोनसोबतच आलेलं. त्या इंजिनिअरनं आपलं ॲप तिथं ठेवायला किती खटपट केली! आधी कागद मागितले, मग ओळखपत्र, मग म्हणे तुमचं ॲप आजूबाजूच्या फोनांना हात लावते, चालणार नाही. अरे, हात लावण्यासाठीच तर बनवलं ना त्यानं! तो लिहायचा, तिकडून तेच ते ठरीव उत्तर यायचं. पलीकडे माणूस होता की नुसतं यंत्र, देव जाणे.

मग गावानं आपल्या पद्धतीनं केलं. विरजण मागतात तसं ॲप मागितलं. "दे वो मले बी थोडं," म्हणत ह्या फोनातून त्या फोनात, ह्या घरातून त्या घरात. फोन दर वेळी बजावायचा, हे अनोळखी ठिकाणाहून आलं आहे. शेजारच्या काकूकडून घेतलेलं अनोळखी, आणि सातासमुद्रापलीकडच्या दुकानातलं ओळखीचं! वा रे वा!

पोळ्यानंतर बाबा तापानं गेला. धान कापून झालं, थंडी पडली, आणि एका सकाळी मायच्या फोनात त्या दुकानवाल्या कंपनीचं काहीतरी नवीन रातोरात उतरलेलं होतं. तिनं मरळीवर बोट ठेवलं. मरळीच्या जागी अक्षरांनी भरलेला एक चौकोन आला आणि खाली मोठं निळं बटन. मायला वाचता येत नाही. निळं म्हणजे ऐकायचं, हे तिला शिकवलेलं, आणि रोज तेच केलेलं. तिनं दाबलं. चौकोन गेला आणि मरळही गेली. वर लिहिलेलं होतं की हे ॲप हानिकारक असू शकते, आणि निळ्या बटनावर, 'काढून टाका'. ते नंतर आम्ही दुसऱ्या एका फोनवर वाचलं.

शेजारणीनं मला फोन लावून दिला. माय म्हणाली, "अवं, तुहे बाबा काऊन बोलून नाई राह्यले?"

 मिळेल ती बस धरून निघाले.

मी पोचेपर्यंत मायनं अर्धं गाव पालथं घातलं होतं. बाबाच्या जाळ्याचा जोडीदार, आमचा काका, त्याच्या जुन्या फोनात ते ॲप अजून शाबूत होतं. त्याच्याकडून ती घेऊन आली. मला पाहिल्याबरोबर हसली. "आलं वो! काकाकडून आणलं." काकानं मरळीचं चित्र पुन्हा लावून दिलं होतं. तिनं निळं दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, फोन कानाला लावला, पुन्हा दाबलं. "अजून उतरून राह्यलं असन," म्हणाली. विरजण आणलं की सकाळी दही लागणारच, असं तिला वाटत होतं. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

मी त्या इंजिनिअरला फोन केला. काय झालं ते त्यानं नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, "ताई, आवाज त्या फोनातच होते. ॲप काढलं का सगळे पुसून जाते. ते दुसरीकडे सांभाळून ठेवायची सोय मी करणार होतो. पण दुकानातच घेत नाई म्हटल्यावर माह्या हातपायातलं बळच गेलं." आणि तो रडायला लागला. मी त्याला शिव्या द्यायच्या तयारीनं फोन लावला होता. शेवटी मीच त्याला समजावत बसले.

मग रागवायचं कोणावर? टीव्हीवर दाखवतात, मोठमोठ्या देशांत कोर्टकचेऱ्या चालू आहेत, की फोन लोकांचा तर दुकान तुमचंच का. कंपनीवाले म्हणतात, लोकांच्या भल्यासाठी. ते सगळंच खोटं नाही. माजरीला माझी नणंद आहे, तिला कोणीतरी लग्नपत्रिका म्हणून भलतंच ॲप पाठवून चांगलीच फसवली. दारावर राखणदार पाहिजे, मान्य. पण राखणदारानं घरातल्या माणसाला बाहेर काढायचं का? आठवडी बाजारात एकाची वांगी किडकी निघाली तर मी दुसऱ्याच्या दुकानावर जाते. इथं सगळा बाजार एकाचा, आणि बाजाराचा रस्ताही त्याचाच. आणि वर म्हणतात, मर्जी तुमची! माझ्या मायनं जन्मात स्वतःच्या मर्जीनं काय घेतलं? नवरा तिच्या बापानं पाहिला, लुगडं सासूनं आणलं, फोन मी दिला. ते ॲप तेवढं तिनं स्वतः मागून घेतलं होतं. जळो ते भलं.

दुपारी काका आला. दारातच उभा राहून मायला म्हणाला, "बाई, भाऊ माह्या फोनात हाय नं! मले पाठवलेलं सगळं तसंच हाय. चल."

माझ्या जिवात जीव आला. आम्ही दोघी त्याच्या मागं गेलो. काकानं दुपट्ट्यानं फोन पुसला, मायच्या हातात दिला, आणि निळा गोल दाबला.

"कुठी मेला बे? जाळं फाटलं इथी. सुतळी आणजो. अन् तंबाकू विसरला तं घरी पाठवीन तुले!"

बाबा! ठणठणीत, अगदी आपल्या अंगणात उभा असल्यासारखा. काका हसायला लागला आणि हसता हसताच रडला. "अजून गंज हायेत, बाई. आयक." त्यानं दुसरा लावला, तिसरा लावला. बाबा शिव्या देत होता, खोकत होता, कोण्या बगळ्याला हाकलत होता. माय दोन्ही हातांत फोन धरून शेवटपर्यंत ऐकत बसली. मी मनात म्हटलं, चला, वाचला माझा बाबा.

"माय," मी म्हटलं, "हे सगळं मी तुह्या फोनात भरून देईन. रोज आयकजो."

मायनं फोन काकाच्या हातात परत दिला.

"नको."

"काऊन वो? त्यायचाच आवाज हाय नं."

"आवाज त्यायचाच हाय," माय म्हणाली. "पण मले नाई बोलून राह्यले ते."