मिठात मुरवलेले बूट

माझं नाव राघो म्हात्रे. ठाण्याच्या फुटबॉलमध्ये माझं नाव एकदाच लिहिलं गेलं आणि त्याच्यापुढे कंसात एक शब्द आहे. तो शब्द मी शेवटी सांगेन. आधी सांगितला तर पुढचं कोणी वाचणार नाही.

आमचं घर कळव्याच्या खाडीकाठी. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर, आणि मी चालायला शिकलो तो मिठागराच्या बांधावरच. दिवाळी झाली की मिठागराचा तळ तयार करायचं काम निघायचं. आठ-दहा माणसांनी रांगेत उभं राहून ओला चिखल पायांनी थापायचा, दिवसचे दिवस थापायचा, फरशीसारखा टणक होईपर्यंत. नाहीतर मिठात माती येते. हे काम मी मिसरूड फुटायच्या आधीपासून केलं आणि त्याने माझ्या पायांची पार कळा गेली. बोटं फाकली, टाचा लाकडाच्या झाल्या. तळव्यात काटा शिरला तर मोडायचा तो काटाच. असे पाय बघून कोणी पोरगी देत नाही, पण फुटबॉल खेळायला ते एक नंबर असतात, हे मला अठ्ठेचाळीस सालच्या सुमारास कळलं.

त्या वर्षी आपली टीम लंडनच्या ऑलिंपिकला गेली आणि तिथेही आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले, अशी बातमी आमच्या गावापर्यंत आली. देशाच्या टीमला बूट नाहीत आणि मलाही नाहीत, एवढ्या एका गोष्टीवरून मी स्वतःला त्या टीमचा बारावा खेळाडू समजायला लागलो. मला त्यांचं बोलावणं आलं नाही हा टपालखात्याचा घोळ, असं मी चारचौघांत सांगत असे.

पण माझी किक खरंच जोरदार होती. हे मी नम्रपणे सांगतो आहे, कारण सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे. पाण्याने फुगलेला चामड्याचा चेंडू मी अर्ध्या मैदानातून गोलात टाकायचो. ठाण्यातल्या एका गिरणीची टीम होती, तिचे प्रमुख दौलतराव. ते गिरणीत टाइमकीपर होते आणि मिशीपासून घड्याळापर्यंत सगळं वेळेवर ठेवत. त्यांनी माझा खेळ बघितला होता. गिरणीच्या टीममध्ये निवड झाली की गिरणीत कायमची नोकरी मिळायची. कायमची म्हणजे मिठागर सुटणार, आईला डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहाव्या लागणार नाहीत. मला दुसरं काही नको होतं. झोपेतही मी गिरणीचा भोंगा ऐकायचो.

तेवढ्यात बावन्न साल आलं. हेलसिंकीच्या थंडीत आपली टीम पुन्हा बरीचशी अनवाणी उतरली आणि युगोस्लाव्हियाने तिला दहा गोल घातले. आपला एक. त्यानंतर वरून फर्मान निघालं की यापुढे बुटांशिवाय खेळायचं नाही. गोल खाल्ले त्यांनी हेलसिंकीत आणि पाय आवळले माझे कळव्यात. दौलतरावांनी निरोप पाठवला: फेब्रुवारीत चाचणीची मॅच आहे, बूट घालून ये.

बूट मिळाले कल्याणला. तिथल्या रेल्वे वसाहतीतला एक इंजिन ड्रायव्हर कायमचा विलायतेला निघाला होता आणि घरातलं सामान वाटत सुटला होता. मी त्याला पाटीभर चिंबोऱ्या नेऊन दिल्या, त्याने मला त्याचे बूट दिले. दोघांनाही आपण दुसऱ्याला गंडवलं असं वाटलं असणार. ते बूट म्हणजे काय होतं ते आताच्या पोरांना सांगून पटणार नाही. घोट्याच्या वरपर्यंत जाड चामडं. पुढे नारळ फोडता येईल असं कडक टोक. तळाला चामड्याचे सहा गोल ठोकळे, त्यांना स्टड म्हणायचे, आणि एकेक स्टड तीन-तीन लोखंडी खिळ्यांनी ठोकलेला. एकेक बूट पाऊण शेर भरला असता. मी ते गळ्यात अडकवून गावात शिरलो तेव्हा मला वाटलं की सगळे माझ्याकडे बघताहेत. बघतच होते, कारण चालताना ते माझ्या छातीवर आपटत होते आणि मी दर पावलाला कण्हत होतो.

पाय आत जाईना. ड्रायव्हरसाहेबाचा पाय निमुळता, माझा सुपासारखा. शिवाय चामडं जुनं, जागोजागी तडकलेलं. आता इथे शहाणा माणूस मोच्याकडे गेला असता. पण मी मिठागरावरचा माणूस. मी विचार केला. आमचं मीठ गोणीच्या गोणी भरून कातडी कमावणाऱ्यांकडे जातं, हे मी लहानपणापासून बघत होतो. म्हणजे कातड्याला मीठ मानवतं. शिवाय माझे स्वतःचे पाय खाऱ्या पाण्यात राहूनच पोलादी झाले होते. कातडं ते कातडं, माझं काय आणि बैलाचं काय. मी ते बूट मिठागराच्या खाऱ्या पाण्याच्या खड्ड्यात दगड बांधून सोडले आणि आठ दिवस तिथेच ठेवले.

माझी आई बायजा बांधावर उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, "राघो, तुजा पाय जिता हाय रं. ह्यो बुटाचा जोरा मेलेला हाय. त्याला मीठ पाजून काय व्हनार?"

मी तिला समजावून सांगितलं की हे शास्त्र आहे, तुला नाही कळायचं. हे वाक्य मला अजून अधूनमधून आठवतं, विशेषतः जेवताना पानात मीठ पडलं की.

आठ दिवसांनी बूट काढले तर मऊ झालेले. पाय आत गेला. मी इतका खूश झालो की तसेच पायात घालून उन्हात बसलो, म्हणजे माझ्या पायाच्या आकाराने वाळतील. वाळले. इतके वाळले की काढायला दोन माणसं लागली. वर पांढरा थर धरला होता तो मी खोबरेल लावून पुसला आणि आरशासारखे चमकवले. तळाकडे बघावं असं काही मला सुचलं नाही.

चाचणीच्या दिवशी गिरणीच्या मैदानावर शे-दोनशे माणूस होतं. आई पाटी घरी ठेवून आली होती. पहिली दहा मिनिटं मी दोन फळ्यांवर उभा राहून खेळतो आहे असं वाटत होतं, पण धावलो. मग माझ्या पायात चेंडू आला, समोर मोकळं मैदान, आणि मी माझी ती प्रसिद्ध किक मारली. काहीतरी उडत गोलाकडे गेलं. गोलकीपरने झेप घेऊन ते छातीशी पकडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गोलकीपरने हात उघडून बघितलं तर तो माझा स्टड होता. चेंडू माझ्या पायाशीच होता.

खाऱ्या पाण्याने चामडं मेलं नव्हतं, पण आतले खिळे गंजवून खाऊन टाकले होते. त्यानंतर स्टड एकामागून एक गळायला लागले. मी जिथून धावायचो तिथे खुणा राहायच्या. शेवटी रेफ्रीने मला थांबवून पाय वर करायला लावला, घोड्याचा नाल बघतात तसा. गंजके खिळे बाहेर आले होते. कोणाला तरी लागतील म्हणून तो म्हणाला बूट बदल. दुसरे नव्हते. मी म्हटलं, काढतो, अनवाणी खेळतो, माझा खरा खेळ तोच आहे. तो म्हणाला नियम नाही. मी त्याचे हात धरले. मैदानाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत. त्याने हळूच हात सोडवून घेतले आणि मला बाहेर बसवलं.

मॅच संपल्यावर दौलतराव आले. त्यांनी मैदानात फिरून माझे स्टड गोळा केले होते आणि रुमालात बांधून आणले होते. "बारातले नऊ सापडले," एवढंच म्हणाले. वेळ पाळणारा माणूस, माझ्यावर त्यांनी जास्त वेळ घालवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पुन्हा पाटी उचलली तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटली.

तो रुमाल घेऊन मी जांभळी नाक्यावर सहदेवमामांकडे गेलो. हे साताऱ्याकडचे चांभार, ठाण्यात येऊन वीस वर्षं झालेली, पोलिसांचे बूट त्यांच्याकडे असायचे. सगळी कथा ऐकून ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. त्यांनी बूट हातात घेऊन वाकवून बघितले.

"कच्च्या कातड्याला मीठ," ते म्हणाले, "आन् कमावल्याला त्याल. येवढं जरी इचारलं असतंस तर आज गिरणीत असतास."

मी त्यांना म्हटलं, मला हे शिकवा. बूट मला नापास करून गेले होते, आता ते आतून कसे असतात ते बघितल्याशिवाय मला चैन पडेना. मिठागरावरून आलो की मी त्यांच्याजवळ बसायचो. रापीने चामडं तासायचं, आरीने टोचायचं, एरंडेल कसं आणि किती मुरवायचं. खिळ्यांचं उत्तर मात्र मी शोधलं, आणि माझ्या आयुष्यातली अक्कल बहुतेक तिथेच संपली. खाडीवर शिडाचे मचवे बांधणारे चांगल्या मचव्याला तांब्याचे खिळे मारतात, कारण खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. बूट खड्ड्यात सोडतानाही माहीत होतं. फक्त बूट आणि मचवा यांचा संबंध लागायला मला एक चाचणी गमवावी लागली.

त्याच बुटांना तांब्याचे खिळे मारून ते घेऊन मी दौलतरावांकडे गेलो आणि म्हटलं, पुन्हा एक संधी द्या. त्यांनी बूट उलटा करून स्टड ओढून बघितला. नंतर दुसरा ओढला. तोही आला नाही. गिरणीच्या टीमचे बूटही चिखलात गंजून गळत होतेच, फक्त माझ्याइतक्या थाटात नाही. ते म्हणाले, "खेळायची जागा भरली. पण अकरा जोड तुझ्या ताब्यात देतो, सोमवारपासून ये."

अशी मला कायमची नोकरी लागली. कागदावर मी सूतखात्यात हमाल होतो. प्रत्यक्षात बूट. मी सोमवारी भोंगा ऐकला तेव्हा रडलो, आणि ते आनंदाने होतं की कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही. आईची पाटी मात्र सुटली.

पुढची तीन-चार वर्षं मी त्या अकरा जोडांवर माझं सगळं शास्त्र चालवलं. चौपन्न साली पेपरात हंगेरीच्या खेळाडूंचे फोटो आले, त्यांचे बूट घोट्याच्या खाली. मी त्याच आठवड्यात रापी घेऊन सगळ्या बुटांचे गळे कापले. एकाचा जरा जास्तच कापला, तो गडी महिनाभर चपला घातल्यासारखा खेळला. कडक टोकं काढून मऊ चामडं लावलं, तेव्हा चेंडू पहिल्यांदा बोटांना कळतो असं सगळे म्हणाले. मला ते जन्मापासून कळत होतं, पण मला कोण विचारतं. मग बातमी आली की जर्मनांनी वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये पिळून बसवायचे स्टड वापरले, पाऊस पडला की लांब लावायचे. गिरणीचा फिटर गुणाजी, त्याच्याकडून मी पितळी बोल्ट करवून घेतले. पहिला बोल्ट तळ फोडून थेट हाफबॅकच्या टाचेत गेला. आठ दिवस तो गिरणीत आपल्या मागासमोर एका पायावर उभा होता आणि दुसऱ्या पायाने मला लाथ मारायची वाट बघत होता. नंतर आत पितळी पट्टी बसवली तेव्हा जमलं.

सत्तावन्नच्या सप्टेंबरात जिल्ह्याची फायनल होती. पावसाने मैदान म्हणजे लोणी. मध्यंतरात मी आणि सहदेवमामांनी बावीस बुटांचे स्टड काढून लांब बसवले. समोरचे घसरत राहिले, आमचे उभे राहिले, आम्ही दोन-एकने जिंकलो. दुसरा गोल अर्ध्या मैदानातून आला. अगदी माझी किक होती ती. मारणारा दुसरा होता. मी टाळ्या वाजवल्या, पण आतून मला फार लागलं, हे इथे लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी फोटो काढला. दौलतरावांनी माझा दंड धरून मला मागच्या रांगेत उभं केलं आणि खाली सगळ्यांची नावं सुंदर अक्षरात लिहवून घेतली. कॅप्टन, गोलकीपर, सेक्रेटरी, सगळ्यांच्या नावापुढे कंसात ज्याचं त्याचं काम. शेवटी माझं: राघो म्हात्रे, आणि कंसात, बूट.

फोटो मी घरी नेऊन आईला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून शब्द वाचून दाखवला, आणि तिने मान हलवली. माझं तोंड तिला लगेच सापडलं. मग ती फोटो डोळ्यांजवळ धरून खालची रांग बघत राहिली. अकरा जणांच्या पायांवरून तिने बोट फिरवलं.

"तुजं पाय कुठं हाईत?" तिने विचारलं.

त्या फोटोत अनवाणी असा मी एकटाच होतो. ड्रायव्हरसाहेबाचे बूट केव्हाच फाटले होते, स्वतःच्या पायांचं माप घेऊन बूट शिवावेत असं मला कधी वाटलंच नव्हतं, आणि ऐन वेळी सगळ्यांचे चकचकीत बूट बघून मी माझे पाय कॅप्टनच्या खुर्चीमागे सरकवले होते. ते मी आईला सांगितलं नाही. म्हटलं, जागा नव्हती.