राबाचं शेण

शेणाची मला कधी किळस नव्हती. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, शेणात हात घालतच मोठी झाले. किळस आली ती सासरच्या गोबरगॅसच्या टाकीची, आणि खरं सांगायचं तर टाकीपेक्षा सासऱ्यांच्या मिरवण्याची.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. चौलपासून आत, डोंगराकडच्या आमच्या गावात गोबरगॅस हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. सासऱ्यांनी गोठ्यामागे खड्डा खणून टाकी बांधली, वर लोखंडी झाकण बसवलं. रोज सकाळी शेणातल्या काड्या वेचायच्या, पाणी घालून ते हातांनी कालवायचं आणि टाकीत ओतायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. शिळ्या शेणातल्या अळ्या बोटांना लागत. टाकीच्या दुसऱ्या तोंडातून काळपट मळी बाहेर येई, तिच्यावर माश्यांचा थर. जेवताना हात नाकाजवळ आला की घास तोंडात फिरायचा. आणि एवढं करून गॅस किती? आमची कोकणातली गुरं ती केवढी, त्यांचं शेण ते केवढं! पाहुण्यांचा चहा व्हायचा, बस. घरचा भात चुलीवरच. पाहुणे निळी ज्योत बघून माना डोलावत आणि सासरे मिशीत हसत.

चैत्रात सासू म्हणाली, "आता सगला शेन राबाला लागल." ज्या तुकड्यात भाताचं बी पेरायचं, त्यावर आधी शेण, मग पालापाचोळा, वर थोडी माती पसरून ते भाजायचं, हा आमचा राब. भाजल्याने तणाचं बी मरतं आणि रोप जोमाने येतं. त्यासाठी सासू पौषापासून शेण साठवायची. त्या वर्षी साठवायला काही उरलंच नव्हतं.

"राब कशाला जालायचा?" सासरे म्हणाले. "मली टाका. तालुक्याचा सायेब सांगून गेलाय, लय भारी खत हाय."

खत असेलही. पण साहेबाने कधी राब भाजला होता? तणाला मारायला आग लागते, हे सासऱ्यांना सांगायला हवं होतं का? जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं?

मळी पडली, बी पेरलं. पाऊस लागला आणि तण असं उठलं, की त्यात भाताचं रोप शोधावं लागे. सासू आणि मी त्या घाणीत उकिडव्या बसून आठवडाभर तण उपटत होतो. मळीचा वास केसांत मुरला. लावणीला रोपं निघाली ती निम्म्या शेताला पुरतील एवढीच, तीही पिवळी. शेजाऱ्यांची लावणी होऊन गेली होती, त्यांच्याकडेही रोपांच्या जुड्या उरल्या नव्हत्या. खालचं शेत, आमचं सगळ्यात पिकाऊ, तसंच पडून राहिलं आणि त्यात गवत माजलं.

सासरे बांधावर उभे राहून म्हणाले, "बरा झाला. गुरांना चारा झाला. शेन वाढल."

भाताच्या शेतात गवत, गवताचं शेण आणि शेणावर पाहुण्यांचा चहा! सासू विळा घेऊन गवत कापायला वाकली.

माघात भाताची कणगी रिकामी झाली. आमच्या घरात पहिल्यांदा बाजारातून तांदूळ आला. त्याच आठवड्यात तालुक्याचे साहेब टाकी बघायला आले. सासऱ्यांनी हट्टाने गॅसवर भात शिजवायला लावला. पहिला घास घेऊन साहेब म्हणाले, "वा! घरच्या गॅसवर घरचा तांदूळ."

सासू वाढता वाढता थांबली. परक्या पुरुषासमोर ती कधी तोंड उघडत नसे.

"ग्यास घरचा हाय, सायेब," ती म्हणाली. "तांदूल इकतचा."

सासऱ्यांचा हात ताटातच राहिला. साहेबांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणाची पाटी उचलली, टाकीवरून पुढे नेली आणि राबाच्या तुकड्यात ओतली. सासरे ओट्यावर बसून बघत होते. त्यांनी मला हाक मारली नाही.