मामांनी लावलेली लग्नं

आमच्या मामांइतकी लग्नं उभ्या नगर जिल्ह्यात कुणी जुळवली नसतील, आणि त्यांतल्या एकाही लग्नात नवरी नव्हती. मामा धंद्यांची लग्नं लावत. राहात्याच्या बाजारात फिरता फिरता, फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांतलं एखादं चुणचुणीत पोरगं त्यांना दिसे. गावातलं एखादं रिकामं पोरगं तर पारावर बसलेलंच असे. मग मामांना जेवण गोड लागत नसे. एकाच्या हातात कसब, पण गावात ओळख नाही. दुसऱ्याच्या ओळखी गावभर, पण हातांना काम नाही. "जोडा शोभतो की रे," असं ते मला म्हणत. स्वतः मात्र त्यांनी ना लग्न केलं, ना धंदा. विचारलं तर म्हणत, भटजीच बोहल्यावर चढला तर मंगलाष्टकं कोण म्हणणार?

थट्टा नव्हे, सगळं कसं रीतसर असायचं. पत्रिका नाही, पण स्वभाव जुळवायचे: तापटाला शांत, उधळ्याला चिकट. एकदा चुकून दोन्ही पोरं चिकट निघाली आणि गिऱ्हाइकाला पुडीला सुतळीसुद्धा मिळेना, तेव्हा मामांनी स्वतः पुढं होऊन काडीमोड करून दिला.

दुष्काळात विहिरी आटल्या त्या साली त्यांनी लछू आणि बबनचं जमवलं. सिंध्यांच्या लछूचा सायकल दुरुस्तीत हात बसलेला, आणि बबन शेतकऱ्याचा, वावर करपल्यानं घरी बसलेला. दुकान टाकायचं ठरलं, पण घोडं अडलं बबनच्या वडिलांपाशी, तात्यांपाशी. रस्त्याकडेची जागा तात्यांची, आणि आपल्या पोरानं लोकांच्या चाकात हवा भरावी हे काही त्यांना पटेना. जागा मिळाली नाही तर बबन दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणार, आणि लछू मुंबईला काकाकडे.

मामांनी सरळ आपल्याच घरी बघण्याचा कार्यक्रम ठेवला. लछूला इस्त्रीचा शर्ट घालून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर पाठवलं. बिचारा असा गडबडला की निम्मे पोहे माझ्या मांडीवर. बबनच्या आजीला नीट दिसत नसे; ती सारखी विचारी, पोरगी कवा येनार? तात्या मात्र गंभीर. पोरगा पहाटे उठतो का, तंबाखू खातो का, सगळं विचारून झालं. मग लछूच्या आईला त्यांनी विचारलं, गाव कुठलं तुमचं?

"गाव तिकडंच राहिलं, भाऊ," ती म्हणाली. "आता पोरगा दुकान मांडेल तेच आमचं गाव."

तात्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"घ्या रस्त्याकडची जागा," ते बबनला म्हणाले. "पर भांडून आलास तर घरात घेनार न्हाई."

"मग माझ्याकडं यायचं दोघांनी," मामा म्हणाले. "हे तुमचं माहेर."

आणि पोरं आली की! पान्यावरून, पंपावरून, गिऱ्हाइकाशी कोण वाकडं बोललं यावरून, सारखं कुणीतरी रुसून मामांच्या ओट्यावर. मामा न्यायनिवाडा करत नसत. चहा देत, जेवू घालत, चार दिवस राहा म्हणत. तेवढ्यात दुसरा न्यायला हजर. निघताना हातावर शेंगदाण्याचे लाडू. दुकान वाढलं, शेजारी दुसरी शेड उभी राहिली, तरी रुसवे चालूच. मला तर शंका आहे, पुढं पुढं ते लाडवांसाठीच भांडत.

मामा गेले त्या दिवशी दोघं दुकान बंद करून धावत आले आणि सासरी दिलेल्या लेकींसारखे रडले. मलाही आवरेना. सगळं उरकल्यावर दोघं त्याच ओट्यावर बसले होते. बबन म्हणाला, "लछू, आता भांडायचं न्हाई रं आपुन. जायाला जागाच न्हाई ऱ्हायली."